पाच गुण, सहा गुण

एचएनएफ१ए नावाच्या जनुकात एका जागी 'सी' हे अक्षर ओळीने आठ वेळा येतं. डीएनएची नक्कल करणारी पेशीतली यंत्रणा अशा एकसारख्या अक्षरांवर घसरते आणि क्वचित आठाच्या जागी नऊ 'सी' लिहून जाते. प्रथिनासाठी अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. त्यामुळे एक अक्षर जादा शिरलं की पुढचे सगळे गट सरकतात आणि २५ गटांच्या आत अवेळी पूर्णविराम येतो. ६३१ अमिनो आम्लांचं प्रथिन धड तयारच होत नाही. या जनुकामुळे होणाऱ्या मधुमेहात जगभर सर्वांत जास्त सापडणारा बदल तो हाच. आमच्या जनुक-तपासणीच्या लॅबमध्ये पडद्यावर त्याचं नाव 'सी.८७२ डुप' असं येतं.

ही आमची सोपी केस. तरी 'सापडला, लिहा' असं होत नाही, कारण आठ 'सी'वर पेशी घसरते तसं डीएनए वाचणारं सिक्वेन्सिंगचं मशीनही घसरतं. म्हणून आयजीव्ही या सॉफ्टवेअरमध्ये ती जागा उघडून मशीनने वाचलेल्या तुकड्यांच्या करड्या पट्ट्या एकेक करून बघायच्या: जांभळ्या रंगाची जादा अक्षराची खूण साधारण निम्म्या पट्ट्यांवर आहे, की दोन-चारांवरच? मग सँगर या दुसऱ्या सिक्वेन्सिंग पद्धतीने पुन्हा तपासायचं. बदल खरा असेल तर सँगरच्या आलेखात त्या जागेपर्यंत शिखरं एकेरी, स्वच्छ दिसतात आणि तिथून पुढे एकावर एक चढलेली दुहेरी. आई-वडिलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक सरकली आहे, हे त्या गर्दीतच दिसतं.

अशा केसेस थोड्या. बहुतेक वेळा समोर येतो एका अक्षराचा साधा फेरफार, म्हणजे एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं. तो रोगाचं कारण आहे की माणसामाणसांत असणारा निरुपद्रवी फरक, हे ठरवणं हेच आमचं खरं काम.

त्या निर्णयावर बरंच काही अवलंबून असतं. तरुण वयात सुरू होणारा, एकाच जनुकातल्या बिघाडाचा, आईकडून किंवा वडिलांकडून आलेला मधुमेह म्हणजे मोडी. बिघाड जीसीके जनुकात असेल तर उपाशीपोटी साखर जन्मभर थोडी चढी राहते, साधारण १०० ते १४५ च्या दरम्यान. गुंतागुंत जवळजवळ होत नाही, आणि गरोदरपण सोडलं तर औषधाची गरजही नसते. बिघाड एचएनएफ१ए मध्ये असेल तर साधी, स्वस्त सल्फोनिलयुरियाची गोळी उत्तम चालते. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या गटाने २००३ साली दाखवलं की अशा रुग्णांत ग्लिक्लाझाइड या सल्फोनिलयुरियाचा परिणाम मेटफॉर्मिनच्या पाचपटीहून जास्त असतो. इन्सुलिनवर असलेली कित्येक माणसं त्यामुळे गोळीवर आली. उलट बाजूही आहे. निरुपद्रवी फरकावर आम्ही 'रोगकारक' असा शिक्का मारला आणि मूल खरं टाइप १ चं निघालं, तर इन्सुलिन बंद करणं जिवावर बेतेल.

सगळ्या लॅबनी एकाच मापाने मोजावं म्हणून २०१५ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशिकी आणि पॅथॉलॉजीच्या संस्थांनी नियमावली काढली. निकालाच्या पायऱ्या पाच: पॅथोजेनिक (रोगकारक), लाइकली पॅथोजेनिक, अनिश्चित, लाइकली बिनाइन, बिनाइन (निरुपद्रवी). मधली पायरी म्हणजे व्हीयूएस, आमच्या बोलण्यात 'व्हस'. पुढे क्लिनजेन या प्रकल्पातल्या मोनोजेनिक मधुमेहाच्या तज्ज्ञगटाने एकेका जनुकासाठी नियम आणखी घट्ट केले. पुरावा गुणांत मोजण्याची पद्धतही आली. हलक्या पुराव्याला १, मध्यमाला २, बळकटाला ४, अतिबळकटाला ८. बेरीज ६ झाली तर 'लाइकली पॅथोजेनिक', १० झाली तर 'पॅथोजेनिक'. शून्य ते ५ म्हणजे व्हस.

अलीकडची एक केस सांगते, ओळखीचे तपशील बदलून. मुलगी विशीच्या आतली, सडपातळ. उपाशीपोटी साखर ११९, एचबीए१सी ६.३, मेटफॉर्मिन चालू. सिक्वेन्सिंगमध्ये जीसीकेत एका अक्षराचा बदल निघाला.

पहिला प्रश्न, हा बदल आणखी कुणात दिसलाय का? नोमॅड या डेटाबेसात आठ लाखांहून जास्त लोकांचा डीएनए आहे. तिथे हा बदल नव्हता. १ गुण. पूर्वी या पुराव्याला २ गुण मिळायचे. २०२० मध्ये तो हलका ठरवला गेला, आणि आपल्यापुरतं बोलायचं तर ते योग्यच झालं. त्या आठ लाखांत दक्षिण आशियाई सुमारे ४५ हजार, आणि त्यातही समाजगट वेगळे काढलेले नाहीत. शतकानुशतकं जातीतच सोयरीक जुळवणाऱ्या आपल्या समाजात एखादा निरुपद्रवी बदल एका पोटजातीत सर्रास असू शकतो आणि जगाच्या हिशेबात मात्र दुर्मीळ दिसू शकतो. जीनोमइंडिया प्रकल्पाने ८३ समाजगटांतल्या जवळपास १० हजार लोकांचे जीनोम वाचले, त्याचा उपयोग होईल. पण भारताच्या मानाने हा आकडा लहानच. आपल्या रुग्णांच्या रिपोर्टांवर 'अनिश्चित' हा शब्द जास्त दिसतो, त्याचं एक कारण इथे आहे.

दुसरं, संगणकाचं भाकीत. रेव्हेल हे साधन शून्य ते एक असा आकडा देतं, ०.७० च्या वर गेला की १ गुण. आमचा बराच वर होता. नव्याने रुजू झालेली मुलं या आकड्यावर फार भाळतात. ०.९ पार दिसलं की त्यांच्या मते केस संपली. तरी गुण एकच मिळतो. तिसरं, जीसीके हे जनुक असे बदल फारसे खपवून घेत नाही, त्याचा आणखी १. चौथं, रुग्णाचं चित्र. टाइप १ च्या अँटिबॉडी निगेटिव्ह, आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर ११९ वरून १५२ वरच गेली. साध्या मधुमेहात ती बरीच जास्त उसळते. हे चित्र जीसीकेला इतकं जुळतं की २ गुण मिळाले.

एकूण ५.

सहावा गुण मशीनमधून निघण्यासारखा नव्हता, तो घरातून यायला हवा होता. फॉर्मवर कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं. अनुभवाने सांगते, या 'नाही'चा अर्थ बहुधा 'तपासलेलं नाही' असा असतो. तिच्या डॉक्टरांनी वडिलांची साखर करून घेतली: उपाशीपोटी १२१. धडधाकट माणूस, कधी रक्त तपासलेलं नव्हतं. बदल त्यांच्यातही निघाला. मग आत्या, तिला गरोदरपणात 'शुगर' निघाली होती एवढंच घरात सगळ्यांना आठवत होतं. साखर ११६, बदल हजर. थोरल्या काकांना पंचावन्नाव्या वर्षी मधुमेह झालेला, वजन भरपूर, आणि त्यांच्यात बदल नाही. परदेशी पाठ्यपुस्तक वाचून आलेला माणूस इथे अडखळेल: आजार आहे आणि बदल नाही, म्हणजे पुरावा विरोधात? आपल्याकडे तसं धरता येत नाही. चार घरांत डोकावलं तर साधा टाइप २ सापडतोच. काका हिशेबाबाहेर.

हिशेब नात्यांचा असतो. बाधित नातेवाइकाकडे बदल योगायोगाने येण्याची शक्यता प्रत्येक टप्प्याला निम्मी. वडील ते मुलगी हा एक टप्पा, आत्या दुसरा. दोन टप्प्यांत योगायोगाची शक्यता एक चतुर्थांश उरते, आणि ती नियमाला पुरत नाही. तीन टप्पे हवेत, म्हणजे एक अष्टमांश. तिसरा टप्पा आत्येभावाचा. त्याच्या कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये साखर ११४ आली होती म्हणे. त्याने रक्त द्यायला नकार दिला. लग्नाचं बोलणं चालू होतं, आणि 'जेनेटिक' हा शब्द घरात नको होता. मला त्याचा राग आला नाही. गोळीसुद्धा लागत नाही असा हा प्रकार आहे, पण हे मुलीकडच्यांना कोण समजावणार?

रिपोर्ट गेला: अनिश्चित. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांचा फोन. "मॅडम, अहो जीसीकेच आहे हे. गोळ्या बंद करू ना?" मी म्हटलं, "मलाही तसंच वाटतंय सर, पण माझ्या वाटण्याला गुण नाहीत." ते हसले, जरा वैतागूनच. गोळ्यांचा निर्णय त्यांचा. पेशंट त्यांच्यासमोर असतो. मी एवढंच सांगू शकले की बदलाची नोंद क्लिनव्हार या सार्वजनिक डेटाबेसात टाकली आहे. दुसऱ्या एखाद्या घरात हाच बदल आणि असंच चित्र कुणाला सापडलं तर त्या घराचे टप्पेही या हिशेबात धरता येतील.

जुने निकाल बदलतात, कधी उलट्या दिशेनेही. बीएलके, केएलएफ११ आणि पॅक्स४ ही जनुकं मोडीच्या यादीत वर्षानुवर्षं होती, त्यांना क्रमांकही होते: ११, ७ आणि ९. २०२२ साली पुरावा नव्याने तपासला गेला, आणि ही तिन्ही मोडीच्या तपासणीतून वगळावीत असा निष्कर्ष निघाला. त्यांच्यावर बोट ठेवणारे जुने रिपोर्ट अजून कुणाकुणाच्या कपाटात असतील.

आत्येभावाचं लग्न मार्गशीर्षात आहे असं डॉक्टरांकडून कळलं. ते उरकल्यावर एकदा विचारून बघा, असं त्यांना सांगितलंय, आणि फाइलवर तसा शेरा मारून ठेवलाय.