पन्नास मीटरचा नियम आणि हातातला फोन

शाळेच्या फाटकापासून चहूबाजूंना ५० मीटरच्या आत अतिरिक्त चरबी, मीठ वा साखर असलेले पदार्थ विकू नयेत आणि त्यांची जाहिरातही करू नये, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केला. बेंगळूरुच्या बनशंकरीत शाळा, शिकवण्या, बेकऱ्या आणि दर्शिनी एकमेकांना खेटून आहेत. तिथे तो कितपत पाळला जातो, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. तो तंतोतंत पाळला गेला, तरी शिकवणी सुटल्यावर मेट्रोची वाट पाहत फोन उघडणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. त्याच्या वाट्याला येणारी जाहिरात कुठल्याच भिंतीवर लावलेली नसते. शिवाय जाहिरात आणि दुकान आता एकाच पडद्यावर आहे. पाहणे आणि मागवणे यांत दहा मिनिटांचेच अंतर उरले आहे.

या भागातील आठवी ते बारावीच्या मुलामुलींशी मी याविषयी अनेकदा बोललो आहे. त्यांचे पहिले उत्तर जवळपास ठरलेले असते: जाहिराती आम्ही पाहतच नाही, लगेच पुढे सरकवतो. उत्तर प्रामाणिक आहे, पण त्यातील ‘जाहिरात’ या शब्दाचा अर्थ फार अरुंद आहे. आवडता क्रिकेटपटू शीतपेयाची बाटली उंचावतो, कुणी अतितिखट नूडल्स संपवण्याची पैज लावतो, कुणी बर्गरमधले चीज ताणून दाखवतो. हे सारे त्यांच्या लेखी मनोरंजन, फार तर मित्राची शिफारस. जाहिरातीला भुलतात ती धाकटी भावंडे, आपण नव्हे, अशी त्यांची खात्री असते. (मोठ्या माणसांचीही ती असतेच.) हे पदार्थ प्रकृतीला बरे नाहीत, हे मात्र त्यांना पक्के ठाऊक असते. त्यामुळे ‘जनजागृती’ हे आपल्या धोरणकर्त्यांचे लाडके औषध इथे फारसे लागू पडेल, असे मला वाटत नाही.

कॅनडातील संशोधकांनी मुलांच्या फोनवरील दृश्ये नोंदवून २०१९ मध्ये असा अंदाज मांडला, की किशोरवयीन मुले समाजमाध्यमांवर आठवड्याला सरासरी १८९ वेळा खाद्यपदार्थांच्या विपणनाला सामोरी जातात. लिव्हरपूल विद्यापीठातील प्रयोग अधिक अस्वस्थ करणारे आहेत. लोकप्रिय व्हिडिओकर्त्यांच्या हाती खाऊ पाहिल्यावर ९ ते ११ वर्षांच्या मुलांनी अधिक खाल्ले. आणि ‘ही जाहिरात आहे’ अशी सूचना दिल्यानेही ते खाणे घटले नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून प्रभावकांना बंधनकारक केलेली सूचना नेमकी हीच आहे. ग्राहकाला खरे सांगणे योग्यच. पण सांगितल्याने मूल सुरक्षित झाले, असे मानणे निराळे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांचीही तीच गत. चिप्स, शीतपेये आदींची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमांत किंवा खास मुलांच्या वाहिन्यांवर करू नये, असे ती सांगतात. पण पंधरा वर्षांचा मुलगा मुलांची वाहिनी पाहतच नाही. तो क्रिकेट पाहतो, तेही वडिलांसोबत.

ब्रिटनने ५ जानेवारी २०२६ पासून अशा पदार्थांच्या पैसे मोजून केलेल्या ऑनलाइन जाहिरातींवर सरसकट बंदी आणली. पाहणारा कोण, हा प्रश्नच तिथे उरत नाही. पदार्थ न दाखवता केवळ कंपनीचे नाव मिरवण्याची मुभा तिने ठेवली, ही त्यातील मोठी फट. तरीही दिशा मला रास्त वाटते. आपल्याकडे त्या वाटेवर पहिलीच अडचण व्याख्येची आहे. कुठला पदार्थ अपायकारक, हे पाकिटाच्या दर्शनी बाजूवर कसे सांगावे, यासाठी तारांकनाचा मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये आला. पुढे एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या कामासाठी तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

राहता राहिला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना तो मनाई करतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. ही मनाई लागू व्हायची, तर पडद्यामागच्या यंत्रणेला समोर मूल आहे हे कळायला हवे. बनशंकरीत मी ज्या मुलांशी बोललो, त्यांतील बऱ्याच जणांच्या हातातला फोन आईचा वा वडिलांचा होता, आणि खात्यावरचे वयही त्यांचेच.