कोळंबी हलाल की मकरूह? आपल्या किनाऱ्याचा शाफई मजहब समजून घेताना

अलीकडे आपल्याकडच्या सोयरिकी घाटावर बऱ्याच होऊ लागल्या आहेत. मुलगा मालवण-देवगडकडचा, मुलगी कोल्हापूर किंवा बेळगावकडची. नवी सून घरात येते. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्यांचं सुकं आणि सुंगटाची आमटी होते, आणि ती हळूच ताट बाजूला सरकवते. “अम्मी, आमच्याकडे हे खात नाहीत, मकरूह आहे.” सासूला वाटतं, म्हणजे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काय हराम खात आलो? सुनेला वाटतं, या घरात दीनची माहितीच नाही. दोघीही नेक, दोघीही नमाजी. तरीही मनं दुखावतात.

हाच प्रश्न वर्गात मुलंही विचारतात. “सर, मामू म्हणतात कोळंबी खाऊ नये, दादी म्हणते खा. खरं कोण?” आम्ही या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत नाही. कारण त्याच्या उत्तरात आपल्या किनाऱ्याचा हजार वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि तो मुलांना माहीत असायला हवा.

एकच आयत, दोन समजुती

पहिली गोष्ट. आपण कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, म्हणजे इमाम शाफई (रह.) यांच्या फिकहवर चालणारे. घाटावरचे बहुतेक हनफी, इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या फिकहवर चालणारे. कुरआन एक, रसूल (सल्ल.) एक, किब्ला एक. फरक आहे तो दलील समजून घेण्यात.

सूरह माइदाच्या 96व्या आयतीत समुद्रातली शिकार आणि समुद्रातलं खाणं हलाल असल्याचं सांगितलं आहे. इमाम शाफईंच्या मजहबने ही आयत तिच्या आम, म्हणजे सर्वसाधारण अर्थाने घेतली. समुद्रात राहणारं ते हलाल. अपवाद करायचा तर वेगळी दलील हवी. म्हणून आपल्याकडे सुंगटं, तिसऱ्या, कालवं, माकूल, शेवंड चालतात.

हनफी फकीहांनी या आयतीसोबत एक हदीस ठेवली. जबह न करता हलाल असलेले मेलेले जीव दोन, मासा आणि टोळ, असं त्या हदीसमध्ये आहे. त्यावरून त्यांनी ठरवलं की समुद्रातला फक्त मासा हलाल. तिसऱ्या, कालवं, माकूल हे मासे नव्हेत, म्हणून ते नको. मेल्यावर पोट वर करून आपोआप तरंगणारा मासाही हनफी खात नाहीत; शाफईंकडे तो चालतो.

मग कोळंबीचं काय? इथे खुद्द हनफी उलमांमध्येच दोन मतं आहेत. अरबी भाषेच्या जुन्या जाणकारांनी कोळंबीला मासाच म्हटलं आहे, म्हणून काही हनफी उलमा ती हलाल मानतात. काही म्हणतात, तिची ठेवण माशासारखी नाही, तेव्हा टाळलेली बरी. म्हणजे सुनेच्या माहेरी कोळंबी खात नसतील, तरी दुसऱ्या एखाद्या हनफी घरात ती खुशाल शिजत असेल.

आणि आपल्या शाफई घरांनीही फार छाती फुगवू नये. कुर्लीबाबत आपल्याच किताबांत मतभेद आहे. पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगणारा जीव म्हणून बऱ्याच शाफई फकीहांनी ती नको म्हटली आहे, काहींनी चालते म्हटलं आहे. आपण मात्र कुर्ल्यांचा रस्सा ओरपताना ही चौकशी कधी केलेली नसते!

दोन इमाम, एक सिलसिला

इमाम अबू हनीफा कूफा शहरातले. हिजरी 150 (इ. स. 767) मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्याच साली गाझामध्ये इमाम शाफई जन्मले. लहानपण मक्केत गेलं, मग मदीनेत इमाम मालिक यांच्याकडे शिकले. पुढे इराकमध्ये ते इमाम मुहम्मद यांच्याजवळ शिकले, आणि हे इमाम मुहम्मद म्हणजे इमाम अबू हनीफांचे खास शागिर्द. म्हणजे आपले इमाम हे हनफी मजहबच्या इमामाचे शागिर्दच होते. ‘अर-रिसाला’ या किताबात त्यांनी कुरआन, सुन्नत, इज्मा आणि कियास यांतून हुकूम कसा काढायचा याची रीत मांडली. इराकमध्ये दिलेली आपली कित्येक मतं त्यांनी मिस्रला गेल्यावर नव्याने विचार करून बदलली. हिजरी 204 (इ. स. 820) मध्ये तिथेच त्यांचा इंतकाल झाला.

एवढा मोठा इमाम स्वतःचं मत बदलतो. मग आपण दुसऱ्याचं मत ऐकूनही घेणार नाही का?

समुद्रातून आलेला मजहब

आता प्रश्न असा की आंबोली किंवा फोंडा घाट चढला की मजहब का बदलतो? उत्तर वाटेत आहे. उत्तर हिंदुस्थानात आणि दख्खनमध्ये इस्लामी राजवटी आल्या त्या खुश्कीच्या मार्गाने, मध्य आशियातून. तिथे हनफी फिकह चालत होता, म्हणून घाटावरही तोच रुजला. आपल्या किनाऱ्यावर मुसलमान आले ते जहाजांतून. बसरा, सीराफ, ओमान, यमन इथले व्यापारी आणि खलाशी पावसाळी वाऱ्यांचा अंदाज घेऊन ये-जा करत. पुढे यमन, हद्रामौत या भागांत शाफई फिकह पक्का झाला, आणि या ये-जा करण्यातून तो किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला. म्हणूनच कोकण, भटकळ, केरळ, श्रीलंका, मलेशिया, इंडोनेशिया या सगळीकडे शाफई आहेत. नकाशा पाहिला तर ही जुन्या जहाजांची वाटच दिसते.

राजा हिंदू, न्याय करणारा आपला

हे व्यापारी आले तेव्हा इथे राज्य हिंदू राजांचं होतं. मग निकाह, वारसा, आपसातले तंटे यांचा निवाडा कोण करत होतं?

अल-मसूदी हा अरब प्रवासी हिजरी 304 (इ. स. 916-17) मध्ये चौलला आला होता. राष्ट्रकूटांचं राज्य होतं आणि त्यांच्या हाताखाली शिलाहार राजा झंझ कारभार पाहत होता. चौलला सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचं मसूदी लिहितो. काही इथेच जन्मलेले, काही सीराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले. त्यांच्यावर त्यांच्यातलाच एक मान्यवर माणूस प्रमुख असे, त्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. मुसलमानांचे मामले त्याच्याकडे जात. हिंदू राजाच्या मान्यतेने मुसलमानांचा निवाडा मुसलमानाने करायचा, अशी ही व्यवस्था होती. आज आपल्यात काझी, खतीब, मुल्ला ही आडनावं आहेत. अशाच जुन्या पदांची ती आठवण आहे. पुढच्या काळात हनफी फकीहांनीही लिहून ठेवलं की राज्य गैरमुस्लिमाचं असेल तर मुसलमानांनी आपसात संमतीने काझी ठरवावा. कोकणात हे कित्येक शतकं आधीपासून चालू होतं.

दुसरा दाखला पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा. तिथे सापडलेल्या इ. स. 926 च्या ताम्रपटात राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संजाणचा कारभार मधुमति नावाच्या ‘ताजिक’ माणसाकडे दिल्याचं लिहिलं आहे. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमति म्हणजे मुहम्मद. या मुहम्मदने लोकांसाठी नावेची सोय केली, अन्नछत्र उघडलं. देवीच्या मठासाठी जमीन देण्यात आली, तीही त्याच्याच कारभारात.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. कणकवली तालुक्यातलं खारेपाटण आज आपण महामार्गावरून जाताना पाहतो. पण एकेकाळी वाघोटन खाडीतून तिथवर जहाजं येत. इथे सापडलेल्या शिलाहार राजा रट्टराजाच्या इ. स. 1008 च्या ताम्रपटात महादेवाच्या देवळासाठी दिलेलं दान नोंदलेलं आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण देवळाला मिळायचा.

त्यानंतर 51 वर्षांनी, इ. स. 1059 मध्ये, शेजारच्या गोव्यात कदंब राजा पहिला जयकेशी याने एक ताम्रपट दिला. कदंबांचा गुहल्लदेव सोमनाथच्या यात्रेला समुद्रमार्गे निघाला असताना गलबताची डोलकाठी मोडली आणि त्याला गोव्याच्या बंदरात आसरा घ्यावा लागला. तेव्हा मदुमद नावाच्या ताजिक व्यापाऱ्याने त्याला मदत केली. याच घराण्यातल्या छड्डमला जयकेशीने मोठं पद दिलं. छड्डमने गोव्यात मशीद बांधली. ताम्रपटात तिच्यासाठी ‘मिजिगिती’ हा शब्द आहे. मशिदीच्या खर्चासाठी राजाने बंदरात येणाऱ्या जहाजांवर आणि व्यापाऱ्यांवर पट्टी बसवून दिली.

दोन्ही ताम्रपट शेजारी ठेवून पाहा. खारेपाटणला जहाजांच्या पैशातून देऊळ चालतं, गोव्याला जहाजांच्या पैशातून मशीद. खारेपाटणला गद्याण भरणाऱ्यांत अरब जहाजंही असणार, आणि गोव्याला मशिदीची पट्टी भरणाऱ्यांत हिंदू व्यापारीही असणार. हे सगळं निव्वळ प्रेमापोटी झालं असं आम्ही म्हणणार नाही. बंदर चाललं पाहिजे हा राजाचा फायदा होता, आणि जीव व माल सुरक्षित राहावा ही व्यापाऱ्याची गरज होती. पण या फायद्यातूनही एकमेकांच्या इबादतीच्या जागा उभ्या राहिल्या. ‘तुम्ही बाहेरचे’ असं कोणी आपल्या मुलांना म्हटलं, तर रागावण्याआधी त्यांना हे दोन ताम्रपट सांगता आले पाहिजेत.

मशिदीसोबत मदरसा

या समाजाने फक्त व्यापार केला नाही, इल्मही जपला. इ. स. 1340 नंतर इब्न बतूता गोव्याच्या खाली होन्नावरला आला. तिथले लोक शाफई असल्याचं तो लिहितो. त्या एका गावात मुलींचे 13 आणि मुलांचे 23 मकतब त्याने पाहिले, आणि तिथल्या स्त्रिया कुरआन हाफिज होत्या असंही नोंदवलं. मुलीला दहावीनंतर घरी बसवू पाहणाऱ्या पालकांना आम्ही हा दाखला नेहमी देतो.

माहीमचे हजरत मखदूम फकीह अली माहिमी (1372-1431) हे आपल्या कोकणी समाजातले मोठे आलिम. त्यांनी अरबीत कुरआनची तफसीर लिहिली आणि शाफई मसाइलवर ‘फिकह-ए-मखदूमी’ लिहिली. त्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांचा संदल निघतो आणि दर्ग्यावर सगळ्या धर्मांचे लोक येतात. ‘फकीह’ म्हणजे कायद्याचा जाणकार, हे मात्र त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

आज घरात आणि मशिदीत

मतभेद ताटापुरते नाहीत. हनफी असरची अजान उशिरा होते, कारण काठीची सावली (दुपारची मूळ सावली सोडून) काठीच्या दुप्पट झाल्यावर त्यांच्याकडे वक्त सुरू होतो. आपल्याकडे ती काठीएवढी झाली की सुरू होतो. फजरमध्ये आपण कुनूत पढतो, ते पढत नाहीत. ईदच्या नमाजमध्ये आपल्याकडे जादा तकबीरी 7 आणि 5, त्यांच्याकडे 3 आणि 3. जुम्म्यासाठी शाफई फिकहमध्ये गावात राहणारे 40 पुरुष लागतात. ज्या वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला किंवा आखातात आहेत, तिथे ही अट रोजचा प्रश्न होऊन बसते. अशा वेळी आपसात वाद घालण्यापेक्षा मुफ्तींना विचारलेलं बरं.

आपल्या बऱ्याच मशिदींत इमामसाहेब उत्तरेकडून आलेले, हनफी असतात. “त्यांच्यामागे आपली नमाज होते का?” असं कुजबुजत विचारलं जातं. हजला गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांनी मक्का-मदीनेत हंबली इमामांच्या मागेच नमाज पढली ना?

हा लेख म्हणजे फतवा नाही. ज्याला अमल करायचा आहे त्याने आपल्या आलिमांना विचारावं. पण घरातली वागणूक ठरवायला मुफ्ती लागत नाही. सून हनफी असेल तर तिच्यासाठी बांगडा किंवा सुरमईची तुकडी वेगळी काढा. त्यावर कोणाचाच मतभेद नाही. सुनेनेही सासरच्या तिसऱ्यांना नाक मुरडू नये. मुलांना शिकवताना ‘आपलं बरोबर, त्यांचं चूक’ असं न सांगता ‘आपल्या इमामांनी असं समजून घेतलं, त्यांच्या इमामांनी तसं’ असं सांगावं. जे घर मजहबमधला मतभेद सांभाळायला शिकतं, त्याला शेजारच्या वेगळ्या धर्माच्या घराशी नातं सांभाळणंही सोपं जातं.

शाह वलीउल्लाह (रह.) यांनी एक हकीकत नोंदवली आहे. इमाम शाफई एकदा इमाम अबू हनीफांच्या मजारीजवळ फजरची नमाज पढत होते. त्या दिवशी त्यांनी कुनूत पढली नाही, इमामांच्या अदबीखातर. ज्यांच्या नावाने आपण कुनूतवर अडून बसतो, त्यांनीच ती एका बुजुर्गाच्या सन्मानासाठी सोडली होती.

अल्लाह आपल्या घरांना हा अदब देवो. आमीन.