महाराष्ट्रातील अनात्मवाद

अनात्मवाद (पाली: अनत्ता) हा बौद्ध तत्त्वज्ञानातील एक मूलभूत सिद्धांत आहे. माणसाच्या देहात वा मनात नित्य, अविकारी आणि मृत्यूनंतर शिल्लक राहणारा असा कोणताही आत्मा नाही, असे हा सिद्धांत मानतो. बहुतेक भारतीय दर्शनांनी आत्म्याचे अस्तित्व गृहीत धरून कर्मफल, पुनर्जन्म व मोक्ष यांची मांडणी केली आहे. श्राद्धासारखे विधीही त्याच गृहीतकावर उभे आहेत. त्यामुळे अनात्मवाद भारतीय विचारविश्वात आरंभापासून परका ठरला. महाराष्ट्रात सातवाहनकाळातील लेण्यांपासून बौद्ध परंपरेची उपस्थिती दिसते. मध्ययुगात हे मत मुख्यतः खंडनाचा विषय म्हणून उरले. इ.स. १९५६ च्या धर्मांतरानंतर ते पुन्हा लाखो लोकांच्या आचरणाचा भाग बनले. आत्माच नसेल तर मृत व्यक्तीसाठी नेमके काय करायचे, हा या सिद्धांतासमोरचा सर्वांत व्यावहारिक प्रश्न आहे.

संज्ञा

पाली भाषेतील ‘अनत्ता’ या शब्दाचा अर्थ ‘आत्मा नव्हे’ किंवा ‘आत्मारहित’ असा होतो. संस्कृत ग्रंथांत यासाठी ‘अनात्मन्’ आणि ‘नैरात्म्य’ या संज्ञा येतात. अनित्य, दुःख आणि अनात्म ही बौद्ध मतानुसार अस्तित्वाची तीन लक्षणे होत. व्यवहारात ‘मी’, ‘तू’, ‘माणूस’ हे शब्द वापरण्यास या सिद्धांताची हरकत नाही. या शब्दांमागे एखादी स्वतंत्र, न बदलणारी वस्तू आहे, एवढेच तो नाकारतो.

अनात्मवाद आणि लोकायत किंवा चार्वाक मत यांत फरक आहे. चार्वाकांच्या मते देहाबरोबर सर्व काही संपते. बौद्ध परंपरा या मताला उच्छेदवाद आणि नित्य आत्मा मानणाऱ्या मताला शाश्वतवाद म्हणते. दोन्ही टोके तिने नाकारली आहेत.

मूळ सिद्धांत

संयुत्त निकायातील अनत्तलक्खण सुत्तानुसार बुद्धांनी सारनाथ येथे पंचवर्गीय भिक्षूंना हा उपदेश केला. व्यक्ती म्हणजे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचा समूह होय. यांपैकी कोणताही स्कंध आत्मा असता, तर तो आपल्या इच्छेप्रमाणे वागला असता. परंतु देहाने आजारी पडू नये किंवा मनाने दुःखी होऊ नये, अशी आज्ञा कोणालाही देता येत नाही. जे अनित्य आहे व आपल्या ताब्यात नाही, त्याला ‘हा मी’ किंवा ‘हे माझे’ म्हणणे योग्य नाही, असा या उपदेशाचा निष्कर्ष आहे.

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद (मिनँडर) आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला त्याच्या रथाविषयी विचारतो. चाक, आस किंवा जू यांपैकी एकही भाग म्हणजे रथ नव्हे आणि हे सर्व वगळल्यास रथ म्हणून वेगळे काही उरत नाही. ‘नागसेन’ हे नावही तसेच, अनेक घटकांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातील नाव आहे. याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांत येतो. पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच नसते, तरीही ती पूर्णपणे वेगळी आहे असे म्हणता येत नाही. एका जन्माचा दुसऱ्या जन्माशी असलेला संबंध याच प्रकारचा मानला जातो.

वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने आत्मा आहे की नाही, असे थेट विचारले असता बुद्धांनी मौन पाळल्याचे एका सुत्तात सांगितले आहे. ‘आहे’ म्हटल्यास शाश्वतवादाला पुष्टी मिळाली असती आणि ‘नाही’ म्हटल्यास आधीच गोंधळलेला प्रश्नकर्ता आपला पूर्वीचा आत्मा हरपला असे समजला असता, असे कारण त्यांनी नंतर आनंदाला सांगितले.

आक्षेप आणि उत्तरे

अनात्मवादावरील मुख्य आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. कर्म करणारा आणि त्याचे फळ भोगणारा एकच नसेल, तर केलेल्या कर्माचे फळ वाया जाते आणि न केलेल्या कर्माचे फळ दुसऱ्याच्या माथी येते. या दोषांना अनुक्रमे कृतप्रणाश आणि अकृताभ्यागम म्हणतात. दुसरा आक्षेप स्मृतीचा आहे. काल पाहिलेली वस्तू आज ‘तीच ही’ म्हणून ओळखता येते, कारण पाहणारा टिकून राहिलेला असतो, असे नैयायिकांचे म्हणणे होते. कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त आणि उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात बौद्ध मताचे सविस्तर खंडन केले. उदयनाचार्यांचा हा ग्रंथ ‘बौद्धधिक्कार’ या नावानेही ओळखला जातो. आद्य शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातही बौद्ध मतावर स्वतंत्र चर्चा आहे.

बौद्ध आचार्यांनी या आक्षेपांना ‘संतान’ म्हणजे अखंड प्रवाहाच्या कल्पनेने उत्तर दिले. प्रत्येक क्षण पुढच्या क्षणाला कारणरूपाने जन्म देतो, त्यामुळे स्मृती आणि कर्मफल यांचा संबंध त्याच प्रवाहात राहतो. बीजातून रोप व रोपातून फळ येते. मात्र बीज जसेच्या तसे फळात जाऊन बसत नाही. शांतरक्षितांच्या ‘तत्त्वसंग्रह’ या ग्रंथात विविध दर्शनांच्या आत्मकल्पनांचे क्रमाने परीक्षण केले आहे.

लेणी आणि पुद्गलवाद

बौद्ध संघातील सर्व निकायांना अनात्मवादाचा एकच अर्थ मान्य नव्हता. वात्सीपुत्रीय निकाय ‘पुद्गल’ नावाची, स्कंधांहून भिन्न नाही आणि अभिन्नही नाही, अशी व्यक्ती मानत असे. इंधन आणि अग्नी यांचा जसा संबंध, तसा स्कंध आणि पुद्गल यांचा, असा त्यांचा दृष्टांत होता. वसुबंधूंनी ‘अभिधर्मकोश’ भाष्याच्या अखेरच्या प्रकरणात या मताचे खंडन केले.

धर्मोत्तरीय आणि भद्रयानीय हे वात्सीपुत्रीयांचे उपनिकाय होत. या दोन्हींची नावे पश्चिम महाराष्ट्रातील शिलालेखांत आढळतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर येथील एका लेखात धर्मोत्तरीयांच्या भिक्षुणी-निवासाचा उल्लेख आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या एका स्तंभावर सोपाऱ्याच्या धर्मोत्तरीय भाणकाच्या दानाची नोंद आहे. नाशिकचे तिसऱ्या क्रमांकाचे लेणे सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीत गौतमी बलश्रीने भद्रयानीय भिक्षूंना दिले. कार्ले येथे महासांघिकांनाही दान मिळाल्याचे लेख आहेत. या लेखांत दानाचा तपशील असतो, तत्त्वचर्चा नसते. तथापि, आत्मा नाकारूनही व्यक्तीला काही स्थान देऊ पाहणारे निकाय या प्रदेशात राजाश्रय व लोकाश्रय मिळवून होते, हे त्यांवरून स्पष्ट होते. कान्हेरीच्या काही लेखांत दात्यांनी आपले दान आईवडिलांना उद्देशून दिले आहे. आप्तांसाठी पुण्य अर्पण करण्याची प्रथा अनात्मवादी परंपरेत किती जुनी आहे, याचा हा पुरावा मानता येतो.

संतसाहित्यातील स्थान

इ.स. १२९० (शके १२१२) मध्ये नेवासे येथे रचलेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभी संत ज्ञानेश्वरांनी गणेशाचे वाङ्मयीन रूपक योजले आहे. त्यात षड्दर्शने गणेशाच्या भुजा आहेत, तर्क परशू आहे आणि वेदान्त मोदक आहे. गणेशाच्या हातातील खंडित दात म्हणजे वार्तिककारांनी मोडून काढलेले बौद्धमत, असा अर्थ तेथे सांगितला आहे. पराभूत म्हणून का होईना, या मताला देवतेच्या रूपातच जागा मिळाली, ही बाब लक्षणीय आहे.

पुढील काळात वारकरी परंपरेने जीव व शिव यांच्या ऐक्याचा विचार मराठी समाजात खोलवर रुजवला. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी आषाढी वारीत बारामती व इंदापूर या दोन्ही गावांतून पंढरपूरकडे जाते. बारामती येथे वास्तव्य केलेले पंडित कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे ‘केकावली’ हे काव्यही ईश्वराकडे उद्धाराची याचना करणारे आहे.

आधुनिक काळ

मराठी वाचकांना मूळ पाली साधनांच्या आधारे या सिद्धांताचा परिचय करून देण्याचे श्रेय प्रामुख्याने धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांना जाते. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबी यांनी श्रीलंका व ब्रह्मदेश येथे बौद्ध धर्माचे अध्ययन केले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात ‘आत्मवाद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात बुद्धकालीन श्रमणांच्या आत्मविषयक मतांची तुलना आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांनी अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यामुळे अनात्मवाद ग्रंथांतून थेट घराघरांतील आचारात आला.

त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी बौद्ध धर्मापुढील चार समस्या मांडल्या. त्यांपैकी एक अशी की, बुद्धांनी आत्मा नाकारला, तर कर्म आणि पुनर्जन्म यांची संगती कशी लावायची? ग्रंथातील उत्तरानुसार पुनर्जन्म आत्म्याचा नसून देहातील पृथ्वी, आप, तेज व वायू या घटकांचा असतो. मृत्यूनंतर ते सृष्टीतील त्याच प्रकारच्या द्रव्यात मिसळतात. कर्माचा नियम ही समाजातील नैतिक व्यवस्था आहे. एखाद्याचे दारिद्र्य वा हीन मानलेला जन्म हे त्याच्या पूर्वजन्मातील पापाचे फळ आहे, ही कल्पना त्यांनी अमान्य केली. आत्म्यावरील श्रद्धेमुळे पुरोहितवर्गाला जन्मापासून मृत्यूपर्यंत माणसावर सत्ता मिळते, असेही प्रतिपादन या ग्रंथात आहे. पारंपरिक थेरवादी मांडणीपेक्षा हा अर्थ वेगळा असल्याने अभ्यासकांमध्ये त्यावर चर्चा होत आली आहे. अस्पृश्यतेचे समर्थन पूर्वकर्माच्या आधारे केले जात असलेल्या समाजात मात्र आत्मा नाकारण्याला सामाजिक मुक्तीचा अर्थ प्राप्त झाला.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध असून ते राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८ टक्के आहेत.

अंत्यविधी

आत्मवादी आणि अनात्मवादी आचारांतील भेद मृत्युसंस्कारात सर्वाधिक ठळकपणे दिसतो. बारामती हे कऱ्हा नदीकाठी वसले आहे, तर इंदापूर तालुक्यातील नीरा नरसिंहपूर येथे नीरा व भीमा यांचा संगम असून तेथे लक्ष्मी-नरसिंहाचे मंदिर आहे. महाराष्ट्रात इतरत्र होतो त्याप्रमाणे या नदीखोऱ्यातील हिंदू कुटुंबांतही दहाव्याचा विधी नदीकाठी करण्याची प्रथा आहे. पिंडाला कावळा शिवला म्हणजे मृताची इच्छा तृप्त झाली, असे समजतात. कावळा शिवत नसल्यास मृताची कोणती इच्छा राहिली असावी, याचा विचार करून आप्त तसे वचन देतात. तरीही न शिवल्यास दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात.

बौद्ध कुटुंबांत पिंड ठेवला जात नाही. तेथे त्रिशरण, पंचशील व परित्राण पाठ यांचे पठण होते आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला जातो. या कार्यक्रमास अनेक ठिकाणी ‘जलदान विधी’ असेही म्हणतात. भिक्षू उपलब्ध नसल्यास भारतीय बौद्ध महासभेचे प्रशिक्षित बौद्धाचार्य विधी चालवतात. पुण्यानुमोदनात पात्रातून पाणी ओतताना केलेल्या कुशल कर्माचे पुण्य मृताला उद्देशून अर्पण केले जाते. आत्मा नसताना हे पुण्य कोणाला पोहोचते, असा प्रश्न बौद्ध समाजातही विचारला जातो. काहींच्या मते विधीचा हेतू जिवंतांनी अनित्यतेचे स्मरण करावे आणि मृताच्या सद्गुणांविषयी कृतज्ञता व्यक्त करावी हा आहे. काही जण जलदान हे जुन्या श्राद्धाचेच रूप मानून ते टाळतात.

भाषेतील प्रभाव

मराठीतील शोकपर वाक्प्रयोग आत्म्याच्या कल्पनेशी घट्ट बांधलेले आहेत. ‘मृतात्म्यास शांती लाभो’ हे वाक्य आणि ‘कैलासवासी’, ‘स्वर्गीय’ ही विशेषणे शोकसंदेशांत सर्रास वापरली जातात. बौद्ध कुटुंबे त्यांऐवजी मृत व्यक्तीच्या नावापूर्वी ‘कालकथित’ हा शब्द लिहितात आणि आत्मशांतीच्या प्रार्थनेच्या जागी ‘भावपूर्ण आदरांजली’ यासारखे शब्द योजतात. एकाच गावातील दोन निमंत्रणपत्रिकांपैकी एकीवर ‘कै.’ आणि दुसरीवर ‘कालकथित’ अशी अक्षरे असतात. आत्म्याविषयीचा अडीच हजार वर्षांचा वाद आज अशा एका शब्दाच्या निवडीतही दिसून येतो.

हेही पाहा

पंचस्कंध
प्रतीत्यसमुत्पाद
मिलिंदपञ्ह
चार्वाक दर्शन
बावीस प्रतिज्ञा
नवयान
जुन्नरची लेणी