टायरवरचे चार आकडे

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी जनावरांचा बाजार भरतो. तिथं खिलार खोंडाचा भाव करणारा जाणता माणूस शिंगांकडं आणि रंगाकडं नंतर बघतो. आधी तोंड उघडून दात मोजतो, मग खूर बघतो, मग चालवून बघतो. भाव ठरतो तो उपरण्याखाली, बोटं धरून. वडिलांचा हात धरून मी हे पाहिलं आहे. पुढं तीसेक वर्षं ओळखीपाळखीच्या लोकांसाठी जुन्या, जोरात पळणाऱ्या गाड्या बघायची वेळ माझ्यावर येत गेली, आणि माझीही सवय तशीच झाली. गाडीपाशी गेलो की आधी खाली वाकतो आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१७ ची, मीटरवर तीस हजार किलोमीटर, आणि टायर मात्र गाडीपेक्षा चार वर्षांनी तरुण असले, तर आधीचे टायर कुठं झिजले हे मी मालकाला विचारतो. उत्तर पटलं नाही तर भाव तिथूनच खाली येतो.

नव्वदच्या दशकात आमच्याकडं वेगवान गाडी म्हणजे टू-स्ट्रोक मोटरसायकल. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ अशी अकरा वर्षं निघाली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन जेमतेम शंभर किलो. तिच्याआधी आलेली राजदूत ३५०, म्हणजे आरडी, तर ३४७ सीसीची, दोन सिलिंडरची. आरडीतही हायटॉर्क आणि लोटॉर्क असे दोन प्रकार होते. पेट्रोल वाचावं म्हणून लोटॉर्कची ताकद कमी केलेली, त्यामुळं हौशी माणूस हायटॉर्कला जास्त मोजायचा.

त्या काळात किंमत ठरवायचे मिस्त्री. होटगी रोडच्या बाजूला आमचा एक मिस्त्री होता. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "मालक, बोअर किती झालाय?" सिलिंडर झिजला की तो घासून रुंद करायचा आणि एक माप मोठा पिस्टन घालायचा, पण हे मोजक्याच वेळा करता येतं. म्हणजे गाडी किती चालली यापेक्षा तिच्यात अजून किती बोअर शिल्लक आहेत, यावर भाव. हा विचार मला आजही सगळ्यात बरोबर वाटतो. जुन्या गाडीत आपण विकत घेतो ते उरलेलं आयुष्य.

पुढं चार-स्ट्रोक गाड्यांच्या ॲव्हरेजनं बाजार फिरवला आणि आरएक्स मातीमोल झाली. तेव्हा लोकांनी त्या दूधवाल्यांना, मेकॅनिकांना देऊन टाकल्या. आज नीट उभी केलेली आरएक्स लाखाच्या पुढं मागितली जाते, आणि विकणारे हळहळतात. त्यांनी हळहळू नये असं मला मनापासून वाटतं. ज्या दिवशी विकली त्या दिवशी तिचा भाव तोच होता.

मोटारींचा वेग आमच्याकडं आला तो २००० नंतर. होंडा सिटी व्हीटेक, फियाटची पॅलिओ १.६, स्कोडाची ऑक्टाव्हिया. पॅलिओ तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, ऑक्टाव्हिया औरंगाबादजवळ शेंद्र्याला. शंभर हॉर्सपॉवरची पॅलिओ पेट्रोल पिते म्हणून चार-पाच वर्षांत कवडीमोल व्हायची. चालवायची हौस आणि पेट्रोलचा खर्च पेलायची तयारी असलेल्या माणसाला त्या काळात तिच्याइतका स्वस्त आनंद दुसरा नव्हता.

त्याच पॅलिओची जाहिरात करणाऱ्या सचिन तेंडुलकरला फियाटच्याच घराण्यातली फेरारी ३६० मोडेना मिळाली. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी झाल्याबद्दल २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते. तिच्यावरच्या आयातशुल्काला माफी मिळाली, त्यावरून देशभर गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी १ कोटी १३ लाखांचं शुल्क फियाटनं भरलं. गाडीची किंमत तेव्हा ७५ लाख सांगितली जायची. म्हणजे शुल्क गाडीहून मोठं. २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली गेली. 'फेरारी की सवारी' या चित्रपटात दिसते ती हीच गाडी.

ही विक्री झाली तेव्हा आमच्या कट्ट्यावर आठवडाभर एकच चर्चा: सचिनचा हात लागला म्हणून किती वाढवायचे? मला तेव्हाही वाटायचं की नावाचा भाव वेगळा मोजावा आणि यंत्राचा वेगळा. नावाला माप नाही, ज्याला जितकं वाटेल तितकं. यंत्राला मात्र आहे. त्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट रबराचा. गाडी उभी राहिली तरी तो जुना होतो आणि ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. त्यामुळं 'फक्त इतकेच किलोमीटर चाललीय' हे वाक्य अशा गाडीच्या बाबतीत अर्धंच खरं असतं. न चाललेल्या वर्षांचाही खर्च असतो.

सगळ्यात जास्त मी शिकलो ते मात्र दिल्लीच्या गाड्यांपासून. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मनाई केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीच बंदी, पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांसकट, कायम केली. तिथल्या मालकांना घाई झाली, आणि सात-आठ वर्षांच्या जोरदार जर्मन गाड्या पुण्याच्या निम्म्या भावात दिसायला लागल्या. चादरीच्या धंद्यातला माझा एक मित्र अशीच एक डिझेल सेदान घ्यायला निघाला. फोटो मी पाहिले, इंजिनाचा आवाज फोनवर ऐकला आणि "घे" म्हणालो.

गाडी आली. एनओसीला दोन महिने गेले. महाराष्ट्रात नोंद करताना वयानुसार घटवलेल्या किमतीवर पुन्हा रोड टॅक्स भरावा लागला. मग एका मे महिन्यात, सोलापूरचं ऊन बेचाळीस अंशांच्या पुढं असताना, गिअरबॉक्स गरम होऊन अडकू लागला. त्या कंपनीचं वर्कशॉप सोलापुरात नाही. गाडी उचलून अडीचशे किलोमीटर पुण्याला न्यावी लागली, एकदा नाही, तीनदा. दोन वर्षांत त्यानं गाडीच्या किमतीइतकाच खर्च केला. त्यानं मला एका शब्दानंही बोल लावला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. दिल्लीतला भाव दिल्लीसाठी योग्यच होता. तो सोलापूरचा भाव नव्हता, आणि हे कळायला हवं होतं ते मला.

तेव्हापासून मी कागद घेऊन बसतो. मागितलेल्या किमतीत दारात गाडी उभी राहीपर्यंतचा सगळा खर्च मिळवतो. टॅक्स, ट्रान्सफर, बोजा उतरवणं. मग पुढच्या दोन वर्षांत ही गाडी काय मागणार ते लिहितो. रुंद, बुटक्या टायरचा जोड, ब्रेकच्या डिस्क, टर्बो. ऑक्टाव्हिया आरएस २३० च्या गिअरबॉक्सचं ऑइल ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं. ५८ हजारांवर विकायला काढलेली गाडी मला त्यामुळंच काही सांगून जाते. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मी घेतलं आहे. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा, तिथं पाचशे दिसले की खाली पुटिंग आहे. आणि कोणी अभिमानानं सांगितलं की "ट्यून केलीय, पॉवर वाढवलीय," तर मी पैसे वाढवत नाही, कमी करतो. कारण तो ताण क्लचनं आणि टर्बोनं आधीच सोसलेला असतो.

इंजिन थंड असताना पहिल्यांदा मीच सुरू करणार, ही अट मी कधी सोडत नाही. प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारख्या कारखान्यातून जगभरच्या गाड्यांचे कॅमशाफ्ट जिथून जातात, त्या आमच्या सोलापुरात थंड इंजिनाची टकटक ओळखणारे कान अजून सापडतात.

विम्याच्या आयडीव्हीवर, म्हणजे विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते तिच्यावर, लोक फार विसंबतात. आयडीव्हीच्या कोष्टकात चार वर्षं उलटली की कोणतीही गाडी निम्म्यावर येते. पण वेगवान गाड्यांचा बाजार त्या कोष्टकानं चालत नाही. २०१६ च्या अखेरीस पोलो जीटीआय २५ लाख ९९ हजारांना आली, देशात फक्त ९९ गाड्या. वर्षभरात कंपनीनंच भाव सुमारे सहा लाखांनी उतरवला, आणि आधी घेतलेल्यांची गाडी एका रात्रीत जुनी झाली. उलट ऑक्टाव्हिया आरएस २३० ही २०१७ मध्ये २४ लाख ६२ हजारांची. २०२० ची आरएस २४५ झाली ३५ लाख ९९ हजारांची, त्याही दोनशेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी आरएस आली ती जवळपास ५० लाखांना, शंभरच गाड्या. नवी अशी वर सरकत गेली की जुनी खाली उतरत नाही.

अशीच एक २०१७ ची आरएस मागच्या हिवाळ्यात जुळे सोलापुरात बघितली. घेणारा मुलगा तिशीचा, माझ्या मित्राचा पुतण्या. मालक निवृत्तीला आलेले. मागणं बाजारापेक्षा लाखभर जास्त होतं. सकाळी सातला बॉनेटवर हात ठेवला, थंडगार. सुरू केली, आवाज स्वच्छ. चारही टायरवर एकच आठवडा. मग त्यांनी फाईल आणली. पुण्याच्या प्रत्येक फेरीचं बिल, ऑइलचं, डिस्कचं, दोन्ही किल्ल्या दोऱ्यात बांधलेल्या. माझ्या कागदावरचा दोन वर्षांचा खर्च मी एकेक ओळ खोडत गेलो आणि मुलाला बाजूला नेऊन सांगितलं, मागतायत ते दे.

इसार मोजत असताना मालक म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. डावीकडच्या मागच्या चाकाची हवा महिन्याला थोडी उतरते. मोहोळच्या अलीकडं खड्ड्यात आपटलं होतं, रिम जरासं दबलंय. बिल आहे बघा त्यात."

मी वाकून पाहिलं. रिमच्या आतल्या कडेला नखाएवढा ठोका होता. गाडीभोवती दोन फेऱ्या मारूनही तो मला दिसला नव्हता. मुलानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि त्यानं ठरलेली रक्कम पुरी मोजून त्यांच्या हातात दिली.