गाडी उभी, धंदा उभा!
टू-स्ट्रोक गाडीचा आजार ओळखा, मगच पाना उचला

मालेगावसारख्या गावात फेरीवाल्यापासून लूमच्या मिस्त्रीपर्यंत अनेकांची रोजी एकेकाळी टू-स्ट्रोक गाडीवर चालली. यामाहा आरएक्स १०० आणि येझदी या दोन्ही गाड्यांचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. तरीही जुनी गाडी जपून वापरणारे व्यापारी आणि कारागीर बांधव आजही आहेत. त्यांच्यासाठी हा अनुभव.

१९९८ ची लग्नसराई होती. साड्यांचे नमुने बांधून मी मनमाडकडे निघालो की बारा-पंधरा किलोमीटरवर गाडी गचके देऊन बंद पडायची. दहा मिनिटे थांबले की एका किकमध्ये सुरू! माझ्या ओळखीच्या तरुण मिस्त्रीने कार्बोरेटर दोनदा साफ केला, प्लग बदलला, पेट्रोलचा कॉकही बदलला. पण रोग तोच. एक मोठे गिऱ्हाईक हातचे गेले, तेव्हा माझा तोल सुटला. चार माणसांसमोर मी म्हणालो, "तू पैसे घेतोस, काम करत नाहीस."

तो एवढेच म्हणाला, "भाई, एकदा मला मागे बसवून न्या."

गाडी नेहमीच्या ठिकाणी थांबली. त्याने टाकीचे झाकण उघडले, तोच फुस्स आवाज करून हवा आत शिरली. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. टाकीतले पेट्रोल कमी होते तशी तिथून हवा आत यावी लागते, नाहीतर पेट्रोल खाली उतरत नाही. ते छिद्र दाबले गेले होते मी हौसेने शिवून घेतलेल्या रेक्झिनच्या कव्हरमुळे! चूक माझी आणि बोल त्याला. दुसऱ्या दिवशी त्याच चार माणसांसमोर मी त्याची माफी मागितली आणि अडवलेली मजुरी दिली.

तेव्हापासून एक शिकलो. आधी लक्षण पाहावे, मग पाना उचलावा.

गाडी धावता धावता बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते : गाडी उभी करून झाकण सैल करा. फरक पडला तर छिद्र बंद आहे. नाही पडला तर कॉकखालची नळी काढून पेट्रोल बाटलीत सोडा. धार बारीक असेल तर कॉकच्या जाळीत कचरा आहे. हे करताना जवळ विडी-सिगारेट नको.

चोक ओढल्यावर चालते, चोक सोडताच मरते : रेस नसताना इंजिनाला पेट्रोल पुरवतो तो पायलट जेट. त्याचे छिद्र फार बारीक असते. ते पेट्रोलने धुऊन हवेच्या दाबाने साफ करावे. तार घालू नये, छिद्र मोठे झाले की जेट वाया जातो.

रेस आपोआप वाढते, खाली बसत नाही : थ्रॉटलची केबल मोकळी असूनही असे होत असेल तर कुठूनतरी फुकटची हवा आत शिरते आहे. आधी कार्बोरेटरचा रबर पाहा. त्याला चीर नसेल तर मॅग्नेटोकडचे ऑइल सील तपासा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा क्रँककेसमधूनच जाते, म्हणून सील गेले की मिश्रणात हवा जास्त होते, इंजिन तापते आणि पिस्टन जाम होतो. नुसता स्क्रू फिरवून हा आजार झाकू नका. सीलचा खर्च थोडा असतो, पिस्टन-बोअरचा मोठा.

धूर फार येतो, प्लग काळा आणि ओला होतो : एअर फिल्टर तुंबला आहे का, फ्लोटची सुई झिजून पेट्रोल वाहते आहे का, ते पाहा. गिअर ऑइलही कमी होत असेल तर क्लचकडचे सील गेले समजा. प्लगचे टोक विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. पांढरे पडले तर पेट्रोल कमी पडते आहे.

ऑइलबद्दल एक गैरसमज आहे. टाकीत ऑइल मिसळावे लागणाऱ्या गाडीत काही जण जास्तीचे ऑइल ओततात. लिटरला २० मिलि म्हणजे ५० ला १, आणि ४० मिलि म्हणजे २५ ला १. प्रमाण कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच ठेवा. ऑइल वाढले की जेटमधून जाणारे पेट्रोल तेवढे कमी होते. शिवाय प्लग आणि सायलेन्सरमध्ये काजळी धरते.

२०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही. त्यात मिश्रणही जरा हवेच्या बाजूला झुकते. म्हणून नळ्या, सुई आणि सील वेळोवेळी तपासा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा. प्लग सतत पांढरा दिसत असेल तर मिस्त्रीला दाखवून मेन जेट एक नंबर मोठा घ्या.

बांधवांनो, ताग्यात दोष निघाला तर आपण आधी सूत पाहतो, मग ताणा-बाणा, आणि शेवटी विणकराला बोल लावतो. गाडीच्या बाबतीतही तीच रीत ठेवावी. जेट पुन्हा साफ करता येतो, पण चार माणसांत गेलेली कारागिराची अब्रू सहज परत येत नाही.