सुतावरून स्वर्ग: 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या शेवटाबद्दलच्या थिअऱ्या कुठे जुळल्या, कुठे फसल्या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे मीटिंग चालू असताना गुपचूप मोबाईल उघडतात, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित अवतार. बोलताना आलेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय. बाकी गप्पा त्याच.

आणि हो, स्पॉयलरची सूचना. मालिका संपून बरीच वर्षं झाली, तरी कोणी अजून बघायचं राहिलं असेल तर इथेच थांबा. नंतर शिव्या घालायच्या नाहीत.

तर, १५ एप्रिल २०१९. सोमवार, सकाळचे साडेसहा. मी बीटेकच्या शेवटच्या सेमिस्टरला, पुण्यात हॉस्टेलवर. अमेरिकेत रविवारी रात्री नऊला शेवटच्या, म्हणजे आठव्या सीझनचा पहिला एपिसोड लागणार आणि त्याच वेळी आपल्याकडे हॉटस्टारवर येणार. एक लॅपटॉप, कुणाच्या तरी ताईचं सबस्क्रिप्शन आणि एका खोलीत नऊ जण. एरवी साडेनऊच्या लेक्चरला न उठणारी पोरं सहाला दात घासून तयार!

सातवा सीझन ऑगस्ट २०१७ मध्ये संपला होता. मधल्या जवळजवळ वीस महिन्यांत आम्ही फायनल इयर प्रोजेक्टवर जेवढं डोकं चालवलं नाही, तेवढं थिअऱ्यांवर चालवलं. मी एक गूगल शीट केली होती. सिंहासनावर कोण बसणार, नाइट किंगला कोण मारणार, सर्सी कुणाच्या हातून मरणार. प्रत्येकानं आपलं उत्तर लिहायचं, हरेल त्यानं वडापाव द्यायचे.

माझा रूममेट सातारकडचा. खोलीत पुस्तकं वाचलेला तो एकटाच. त्यानं एकच ओळ लिहिली होती: डेनेरिस स्वतःच्या हातानं राजधानी जाळणार. मी त्याच्यावर जाम भडकलो. गुलामांच्या बेड्या तोडणारी बाई लेकराबाळांसकट शहर जाळेल? तो शांतपणे म्हणाला, "लेका, तू तिच्या प्रेमात आहेस. मी फक्त वाचतोय."

पुढचे सहा सोमवार काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी चांगली थिअरी कशी दिसते ते बघू.

वीस वर्षं टिकलेली थिअरी

या मालिकेची सगळ्यात गाजलेली थिअरी म्हणजे 'आर अधिक एल बरोबर जे'. जॉन स्नो हा नेड स्टार्कचा अनौरस मुलगा, असं आपल्याला सुरुवातीपासून सांगितलं जातं. थिअरी म्हणते, खोटं. तो नेडच्या बहिणीचा, लियानाचा मुलगा आणि बाप राजपुत्र रेगार टारगेरियन.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं पहिलं पुस्तक आलं १९९६ मध्ये. वाचकांनी पुढच्याच वर्षी हे गणित मांडायला सुरुवात केली होती. कशावरून? नेडला तापात एक स्वप्न पडतं. एक बुरूज, त्यापुढे राजाचे तीन उत्तम अंगरक्षक, आत मरणाला टेकलेली बहीण, तिची रक्तानं माखलेली शेज आणि तिला दिलेलं एक वचन. आता विचार करा. राजा मेला, युद्ध हरलं, तरी हे तीन वीर एका ओसाड बुरुजावर पहारा का देतायत? आत राखण्यासारखं काय आहे? शिवाय त्याच पुस्तकात 'रक्ताची शेज' हा शब्दप्रयोग दुसरीकडे बाळंतपणाच्या संदर्भात येतो. आणि वचन पाळण्यासाठी एरवी कधी खोटं न बोलणारा माणूस जन्मभर खोटं बोलतो.

यातला एकेक क्लू कच्चा आहे, पण सगळे एकाच दिशेनं बोट दाखवतात. मालिका करण्यासाठी डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे दोघे मार्टिनना भेटले, तेव्हा मार्टिननी त्यांना विचारलं होतं, जॉन स्नोची आई कोण? दोघांनी बरोबर उत्तर दिलं. मालिकेत हे गुपित उघड झालं जून २०१६ मध्ये, सहाव्या सीझनच्या शेवटी.

हे जमलं कारण क्लू मुद्दाम पेरलेला होता. मार्टिन यांनी नंतर सांगितलंय की वाचकांनी ओळखलं म्हणून ते शेवट बदलणार नाहीत, कारण मग आधी पेरलेल्या खुणांना काही अर्थच उरत नाही. इथे लेखक आणि वाचक एकाच नियमांनी खेळत होते.

डेटा एकीकडचा, उत्तर दुसरीकडचं

आता गडबड कुठे झाली? मार्टिन यांचं पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं. सहाव्याची वाचक वाट बघत राहिले आणि मालिका काही थांबली नाही. पाचवा सीझन संपेपर्यंत ती बहुतेक ठिकाणी छापील पुस्तकांच्या टोकाला पोहोचली. पुढच्या शेवटाची ठळक रूपरेषा मार्टिननी त्या दोघांना सांगितली होती, पण तिथपर्यंतचा रस्ता त्यांना स्वतः बांधायचा होता. म्हणजे क्लू पेरणारा हात एक आणि शेवट लिहिणारा हात दुसरा.

माझी शीटवरची सगळ्यात पक्की थिअरी इथेच आपटली. पुस्तकात लहानपणी सर्सीला एक म्हातारी भविष्य सांगते. तू राणी होशील, तुझी तिन्ही मुलं तुझ्याआधी जातील आणि शेवटी 'व्हॅलोंकार' तुझा गळा दाबेल. व्हॅलोंकार म्हणजे त्यांच्या जुन्या भाषेत धाकटा भाऊ. सर्सीला वाटतं तो टिरियन. पण जेमी तिचा जुळा, तिच्या नंतर जन्मलेला, म्हणजे तोही धाकटाच! थिअरी एकदम फिट. मी तीन वडापाव लावले.

प्रत्यक्षात पाचव्या एपिसोडमध्ये सर्सी जेमीच्या मिठीत, कोसळणाऱ्या किल्ल्याखाली मेली. मी चिडून रूममेटकडे बघितलं. तो म्हणाला, "पाचव्या सीझनचा पहिला एपिसोड परत बघ." बघितला. म्हातारी आहे, राणी होण्याचं भाकीत आहे, मुलांचं आहे. गळा दाबणाऱ्या भावाचं वाक्यच नाही. मालिकेनं ते २०१५ मध्येच गाळलं होतं. उत्तर माझ्यासमोर चार वर्षं पडलेलं होतं. मी पुस्तकातल्या क्लूवरून मालिकेचा शेवट काढत बसलो होतो.

नाइट किंगचंही तसंच. मालिकेतला हा बर्फाचा राजा या रूपात पुस्तकांत नाहीच. पण आम्ही पुस्तकांतली तारणहाराची भविष्यवाणी घेऊन ठरवलं की त्याला जॉन मारणार, नाहीतर डेनेरिस. आणि तिसऱ्या एपिसोडमध्ये अंधारातून उडी मारली आर्यानं.

वरातीमागून घोडं

आर्याच्या वेळी खोलीत दोन तट पडले. एक गट म्हणाला, अरे हे तर आधीपासून ठरलेलं! तिसऱ्या सीझनमध्ये मेलिसांड्रे आर्याला सांगते की तू कायमचे मिटवशील असे डोळे मला दिसतायत: तपकिरी, निळे, हिरवे. निळे म्हणजे नाइट किंगचे!

जरा थांबा. तो प्रसंग २०१३ चा. बेनिऑफनं आर्याच्या एपिसोडनंतर सांगितलं की नाइट किंगला ती मारणार हे त्यांना साधारण तीन वर्षांपासून माहीत होतं. म्हणजे २०१६ च्या आसपास. २०१३ मध्ये ते वाक्य लिहिताना निळ्या डोळ्यांत नाइट किंग नव्हता. उत्तर आधी ठरलं आणि मग जुन्या वाक्याला क्लूची नोकरी मिळाली. आणखी गंमत म्हणजे २०१९ मध्ये तेच भाकीत परत आलं तेव्हा रंगांचा क्रम बदलला होता. मधले निळे डोळे शेवटी आले, म्हणजे टाळी बरोबर जागेवर पडेल!

यात पाप काही नाही. लेखक असं करतातच. पण प्रेक्षक म्हणून लक्षात घ्यायचं की एवढ्या लांबलचक मालिकेत इतकी वाक्यं असतात की कुठल्याही शेवटाला साजेसं एक तरी सापडतंच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की आपण म्हणतो, बघा, कावळ्याला माहीत होतं. चौथ्या एपिसोडमध्ये टेबलावर चुकून कॉफीचा कप राहिला होता ना, त्याच्यावरही आमच्यातल्या एकानं दहा मिनिटं थिअरी मांडली होती!

मशीन लर्निंगवाले याला ओव्हरफिटिंग म्हणतात. साध्या भाषेत सांगतो. मागच्या पाच वर्षांचे पेपर तोंडपाठ केलेला मुलगा. जुना पेपर द्या, पैकीच्या पैकी. नवा प्रश्न आला की घाम.

हे मला नीट कळलं ते नोकरीत. पहिल्या कंपनीत आमचं एक ॲप दर मंगळवारी संध्याकाळी रडतखडत चालायचं. दोन दिवस लॉग उपसून मी थिअरी काढली की आमचा साप्ताहिक रिपोर्ट तेव्हाच बनतो, तोच गुन्हेगार. प्रत्येक ओळ माझ्या बाजूनं बोलत होती. आमच्या सीनियर मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "तुझं खरं असेल तर पुढच्या मंगळवारी काय दिसायला हवं?" मी म्हणालो, रिपोर्ट बंद ठेवू, ॲप पळेल. बंद ठेवला. ॲप तसंच रडलं. शेवटी निघालं ते दुसऱ्याच टीमचं काम, जे त्याच डेटाबेसवर मंगळवारी चालायचं. मला एकदम व्हॅलोंकार आठवला.

म्हणून आता कुठल्याही मालिकेची थिअरी आली की मी दोन गोष्टी बघतो. क्लू पेरणारा आणि शेवट लिहिणारा एकच आहे का? आणि ही थिअरी चुकीची असेल तर ते आपल्याला कशावरून कळेल? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती थिअरी नाही, श्रद्धा आहे.

उत्तर बरोबर, स्टेप्स गायब

आता राहिला रूममेट. १३ मे, सोमवार. शहरानं शरणागतीची घंटा वाजवली आणि डेनेरिसनं ड्रॅगन खाली वळवला. किंग्ज लँडिंग जळलं. तो जिंकला होता.

त्याचं म्हणणं हवेतलं नव्हतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी, २०१२ मध्ये, डेनेरिसला एक दृश्य दिसतं. छप्पर उडालेला दरबार, सिंहासन, वरून पडणारं पांढरं काहीतरी. ती हात पुढे करते आणि न शिवता मागे फिरते. बर्फ की राख, यावर चाहते वर्षानुवर्षं भांडले. शेवटच्या एपिसोडमध्ये तोच दरबार होता आणि ती राख होती. या वेळी तिनं सिंहासनाला हात लावला आणि थोड्याच वेळात जॉननं तिला मारलं. मीरीनमध्ये १६३ मालकांना खिळे ठोकून मारणारी, शरण न आलेल्या बापलेकाला जाळणारी हीच बाई होती. मी ते बघूनही बघितलं नव्हतं, कारण तेव्हा समोरचे लोक वाईट होते.

आम्ही वडापाव आणले. त्यानं अर्धाच खाल्ला. म्हणाला, "ती जाळणार हे माहीत होतं रे. पण का, ते बघायला आठ वर्षं थांबलो होतो. तेच नाही दाखवलं."

हेच त्या सीझनबद्दलच्या रागाचं मूळ आहे असं मला आज वाटतं. आधीचे सहा सीझन दहा-दहा एपिसोडचे, सातवा सातचा, शेवटचा सहाचा. एका माणसाचं आतून उलटंपालटं होणं त्यात घाईघाईनं उरकलं. इंजिनिअरिंगचा पेपर दिलेल्यांना हे लगेच कळेल: उत्तर बरोबर, पण स्टेप्स नाहीत. सर मार्क कापणारच! सीझन पुन्हा बनवा म्हणून १५ लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. त्यात आमच्या खोलीतले सात होते. रूममेटनं केली नाही. म्हणाला, उत्तर बदलून काय करू, मला रस्ता हवा होता.

थिअरी आपल्याला फार तर 'काय होणार' ते सांगते. गोष्टीचा जीव 'का' आणि 'कसं' मध्ये असतो, आणि तो लिहिणाऱ्याच्याच हातात असतो. म्हणून थिअरी जुळली तरी गोष्ट फसू शकते, आणि सगळ्या थिअऱ्या चुकल्या तरी गोष्ट मनात राहू शकते.

ती शीट अजून माझ्या ड्राइव्हवर आहे. माझ्या चौदा थिअऱ्यांपैकी तीन बरोबर. रूममेट आता परदेशात असतो, सहाव्या पुस्तकाची अजून वाट बघतो. मागच्या महिन्यात त्यानं शीटमध्ये गुपचूप एक नवीन ओळ टाकली: 'व्हॅलोंकार, पुस्तकात, जेमीच. पाच वडापाव.' मी समोर 'मान्य' लिहिलंय. या वेळी क्लू आणि शेवट एकाच हातचे आहेत.

तुमची सगळ्यात वाईट फसलेली थिअरी कुठली? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. तोपर्यंत बघत राहा, भांडत राहा, पण हरलात तर वडापाव द्या!