कमानीच्या वरचा ठिपका

१३ जानेवारी १९९२ रोजी सूर्यबिंबाच्या पश्चिम कडेला एक सौरज्वाला उसळली. फार मोठी नव्हे, मध्यम प्रतीची. तरीही सौरभौतिकीत तिला स्वतंत्र नाव आहे : मासुदा ज्वाला. तिची जागा मोक्याची होती. कडेवर असल्यामुळे तिची चुंबकीय कमान बाजूने, एखाद्या पुलासारखी दिसत होती, आणि ‘योहको’ हा जपानी उपग्रह नेमका तिच्याकडे पाहत होता.

जमिनीवरून हे दिसले नसते. क्ष-किरण आपले वातावरण शोषून घेते. १८५९ मध्ये कॅरिंग्टनने दुर्बिणीतून ज्वाला पाहिली ती दृश्य प्रकाशात. चूल न पाहता भिंतीवरचा उजेड पाहावा, तसे ते होते.

तीव्र क्ष-किरण भिंगाला जुमानत नाहीत. म्हणून योहकोवर धातूच्या बारीक जाळ्यांच्या ६४ जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतून पार झालेले किरण मोजायचे आणि त्या ६४ आकड्यांवरून गणिताने चित्र उभे करायचे. (ही चित्रे म्हणजे छायाचित्रेच, असे मी कितीतरी वर्षे धरून चाललो होतो.)

कमानीचे दोन पाय उजळणार, हे अपेक्षितच होते. वेगवान इलेक्ट्रॉन खालच्या दाट वायूवर आदळतात आणि तिथे क्ष-किरण निघतात. पण सातोशी मासुदा यांना तिसरा ठिपका सापडला, तोही कमानीच्या माथ्याच्या वर. तिथला वायू तर इतका विरळ, की इलेक्ट्रॉनांनी धडकायचे कशावर? १९९४ मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झाले. विरुद्ध दिशांच्या चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळतात आणि ऊर्जा मोकळी होते, ही कल्पना कागदावर जुनीच होती. ते कमानीच्या वर घडत असावे, असे आता म्हणता आले. माझ्या मते मात्र ठिपक्याने जागा सुचवली, कृती दाखवली नाही. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या हा फरक सहज पुसून टाकतात.

योहकोचा शेवट चटका लावणारा आहे. १४ डिसेंबर २००१ च्या सूर्यग्रहणात सूर्यावरचा त्याचा नेम सुटला, बॅटऱ्या उतरल्या आणि तो पुन्हा कामाला लागला नाही.

आपले ‘आदित्य-एल १’ पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्याकडे अखंड पाहते. त्यावरच्या, पुण्याच्या ‘आयुका’त घडलेल्या ‘सूट’ दुर्बिणीने २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स ६.३ प्रतीची ज्वाला अतिनील प्रकाशात टिपली. त्याच यानावरचे ‘हेलिओस’ तीव्र क्ष-किरण मोजते, पण ते सूर्यावर नेमके कुठून आले हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी युरोपच्या ‘सोलर ऑर्बिटर’वरील ‘स्टिक्स’कडे जावे लागते, आणि तिथे पुन्हा जाळ्यांच्या जोड्याच आहेत.